शाळेसाठी घरपट्टी वाढवा म्हटलं तेव्हा

आपलीच घरपट्टी वाढवा अशी मागणी ग्रामसभेत कुणी स्वतःहून करतं का? आमच्या गावात आम्ही केली, आणि करणाऱ्यांत मी पुढे होते, त्यामुळे बाजारात, बसमध्ये, देवळाच्या पायऱ्यांवर जो भेटेल तो एकच विचारतो, "गे बाय, तुका कित्याक पडलां कर वाडोवपाचें?" प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. लांब होणार आहे, आधीच सांगते, चहा घेऊन बसा.

गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं, खाण पट्ट्यातलं. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. मी एका पतसंस्थेत कामाला, दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब बघायचे, त्यामुळे आकडे दिसले की हात शिवशिवतात. धाकटा मुलगा गावच्या सरकारी प्राथमिक मराठी शाळेत. पहिली ते चौथी, दोन शिक्षिका, मंगळुरी कौलं, पुढे आंब्याचं झाड. माध्यान्ह आहार बायकांचा बचत गट देतो, पावभाजी असली की पोरं खूश. शिकवणं चांगलं आहे हो, हे मी मुद्दाम लिहिते कारण सरकारी शाळा म्हटलं की लोक आधीच नाक मुरडतात. दोन्ही बाई मनापासून शिकवतात, माझा मुलगा दुसरीत घडाघडा वाचायला लागला.

अडचण वेगळीच होती. पट घसरत होता, आणि तो घसरण्याचं कारण फळ्यावर नव्हतं, रस्त्यावर होतं. आमचा गाव पसरलेला, दोन वाडे शाळेपासून इतके लांब की पहिलीतलं पोर पावसात चालत येणं शक्यच नाही. खाणी चालू होत्या तेव्हा एक कंपनी बस द्यायची. बस द्यायची, वह्या द्यायची, जूनमध्ये रेनकोट द्यायची, कंपाऊंडची भिंतसुद्धा तिनेच घातली, त्या भिंतीवर कंपनीचं नाव अजून पुसट दिसतं. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, मध्ये काही काळ परत चालल्या, २०१८ मध्ये परत बंद. बस मात्र पहिल्या दणक्यालाच गेली. गावात अर्ध्या घरांत ट्रक होते, हप्ते थकले, घरातलं सोनं आमच्याच पतसंस्थेत गहाण यायला लागलं, तेव्हा शाळेच्या बसचं कोण रडणार. त्या दोन वाड्यांतल्या लोकांनी मुकाट पोरं काढून पलीकडच्या अनुदानित शाळेत घातली, तिथे दारात बालरथ येतो. म्हणजे गंमत बघा, सरकारचाच पैसा, पण बस त्या शाळेला आणि सरकारच्या स्वतःच्या शाळेतली पोरं चालत.

कंपनीला मी वाईट म्हणत नाही. देत होती तेव्हा सगळ्यांनी घेतलं, पंधरा ऑगस्टला त्यांचे साहेब यायचे, आम्ही हार घालायचो. पण दिलं तेव्हा थँक्यू म्हणायचं आणि थांबवलं तेव्हा विचारायचं कुणाला? हा प्रश्न मला तेव्हापासून चावत होता. खाण त्यांची, बस त्यांची, मर्जी त्यांची. वर्गणीचंही तेच, गणेश चवथीला मंडळाला जो जास्त देतो त्याचं नाव बॅनरवर मोठं, आणि पुढच्या वर्षी तो रुसला की मंडप छोटा. (आमच्याकडे एकदा खरंच झालंय असं.)

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते, त्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. ती बहुतेक ठिकाणी सह्या करायला असते, आमचीही तशीच होती. मी तिच्यात गेले ते दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. त्याच कायद्यात असंही आहे की समितीने शाळा विकास आराखडा करायचा. आमच्या हेडबाईंनी कपाटातून जुना आराखडा काढून दाखवला, त्यात संगणक कक्ष होता, प्रयोगशाळा होती, बाग होती, गाडीचं नाव नव्हतं. तो बाजूला ठेवून आम्ही नव्याने बसलो. तीन गोष्टी काढल्या: त्या दोन वाड्यांसाठी गाडी, संडास रोज धुवायला माणूस, आणि पावसाच्या आधी कौलं बघायला थोडे पैसे. एवढंच.

आता लोक म्हणतात सरकार देत नाही का? देतं की. पगार सरकार देतं, पुस्तकं देतं, युनिफॉर्म देतं. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त शाळा अनुदान म्हणून एक असतं, ते पटावर ठरतं. पट तीसच्या आत असला तर वर्षाला १०,००० रुपये, आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. दहा हजारात वर्षभराची झाडू-फिनेलपासून खडू-रजिस्टरपर्यंत सगळी कामं. पट कमी म्हणून पैसे कमी, पैसे कमी म्हणून सोय नाही, सोय नाही म्हणून पट आणखी कमी. पतसंस्थेत असं खातं दिसलं की आम्ही त्याला लाल शेरा मारतो.

मग डोक्यात कर कुठून आला? दोन ठिकाणांहून. माझी मावशी कोल्हापुरात असते, तिच्या महापालिकेच्या घरफाळ्याच्या बिलावर शिक्षण कराची वेगळी ओळ असते, तो १९६२ च्या कायद्याने येतो आणि पालिका गोळा करून राज्य सरकारला देते. आणि आतेभाऊ अमेरिकेत ओहायोला. तो चवथीला आला तेव्हा सांगत होता की त्यांच्याकडे शाळेसाठी घरपट्टी वाढवायची का नाही यावर चक्क मतदान होतं, मतपत्रिकेवर तो विषय असतो, हो किंवा नाही. कुणाकुणाच्या अंगणात पाट्या लागतात, कराच्या बाजूने मत द्या म्हणून. कराच्या बाजूने! मी त्याला म्हटलं थापा मारू नकोस. तो म्हणाला मी स्वतः घरोघर फिरलोय, आणि दोनदा हरलोयसुद्धा. हे ऐकून मला रात्री झोप नाही.

पण त्यानेच दुसरी बाजूही सांगितली, ती महत्त्वाची आहे. तिकडे शाळांचा डोलारा या घरपट्टीवर एवढा टेकलेला की श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब, १९९७ मध्ये त्यांच्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे राज्यघटनेत बसत नाही. आपल्याकडे तसं केलं तर काय होईल हे सांगायला पंडित नको. कळंगुटच्या पंचायतीकडे हॉटेलं, सत्तरीतल्या पंचायतीकडे काजूच्या बागा. म्हणून मी पहिल्या दिवसापासून एक रेघ ओढली: शिक्षकांचा पगार, इमारत, पुस्तकं हे सरकारचं काम, त्याला हात लावायचा नाही, सरकारला सुटू द्यायचं नाही. आपण फक्त तेवढंच उचलायचं जे पर्वरीच्या सचिवालयात बसून कुणाला दिसणार नाही. कुठल्या वाड्यावरून पोर चालत येतं हे गावालाच माहीत असतं.

पंचायतीत गेले. सेक्रेटरी भला माणूस, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, शिक्षण कर असा आमच्याकडे हेडच नाही." हेड म्हणजे हिशेबातलं खातं. गोव्यात देव नाही म्हटलं तरी माणूस वाद घालील, पण हेड नाही म्हटलं की विषय संपला.

तरी मी एका ओळखीच्या वकिलांना डिचोलीत गाठलं. त्यांनी फी न घेता तासभर समजावलं. घटनेचं कलम २६५, कायद्याच्या आधाराशिवाय कुठलाही कर लावता येत नाही. पंचायतींना कर लावायचा अधिकार द्यायचा तो विधानसभेने, ते कलम २४३ एच. म्हणजे गोवा पंचायत राज कायदा १९९४ मध्ये जे कर लिहिलेत तेवढेच पंचायत घेऊ शकते, ग्रामसभेने कितीही हात वर केले तरी नवा कर जन्माला येत नाही. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे देण्यासारख्या २९ विषयांत सतराव्या क्रमांकावर प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण आहे, पण विषय असणं वेगळं आणि त्यासाठी कर असणं वेगळं. मी हिरमुसले. मग ते म्हणाले, बाई, घरपट्टी तर यादीत आहे ना? मर्यादेच्या आत ती वाढवायचा अधिकार पंचायतीला आहे ना? मग घरपट्टी वाढवा, आणि वाढलेला भाग बजेटमध्ये शाळेसाठी वेगळा दाखवा, कर जुनाच, खर्चाचं हेड नवं.

एवढं सोपं होतं. सेक्रेटरीला परत जाऊन सांगितलं तर तो म्हणाला, हां, असं असेल तर बघता येईल.

मग आम्ही घरोघर गेलो. समितीतल्या आम्ही चौघी, निवृत्त मास्तर, आणि एक कॉलेजातला मुलगा जो सगळं मोबाईलवर लिहून घ्यायचा. प्रस्ताव असा होता की साध्या घराला वर्षाला शंभर रुपये जास्त, मोठ्या बंगल्याला पाचशे, आणि गोदामं, बार, लग्नाचा हॉल, फार्महाऊस यांना दोन हजार. आमच्याकडे घरपट्टी मुळात इतकी कमी की काही लोकांना आपण किती भरतो हे पावती शोधून बघावं लागलं. एका आजींची पावती देवाच्या फोटोमागे होती.

लोक काय काय म्हणाले त्याचं पुस्तक होईल. सगळ्यात जास्त ऐकलं ते हे की आम्ही इन्कम टॅक्सवर शिक्षणाचा सेस भरतोच की. बरोबर आहे. २००४ पासून दोन टक्के होता, २००७ मध्ये एक वाढला, आणि २०१८ पासून आरोग्य आणि शिक्षण मिळून चार टक्के. पण तो जातो दिल्लीत, आणि सेस म्हटला की त्यातला वाटा वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांना मिळत नाही, केंद्र आपल्या योजनांतून देईल तसा देतं. मी म्हणायचे, काका, तुमचा सेस दिल्लीला जातो आणि त्यातून पटाच्या हिशेबाने परत येतो ते दहा हजार, आता बोला. यावर एक ट्रकवाले काका म्हणाले मी इन्कम टॅक्स भरतच नाही. मग सेसचा मुद्दा का काढला? तर म्हणाले, तत्त्व म्हणून.

दुसरं, खाणवाल्यांकडून घ्या. जिल्हा खनिज निधी आहेच, २०१५ च्या दुरुस्तीने आला, शिक्षण त्यात अग्रक्रमाच्या कामांत आहे. आता लिलाव होऊन खाणी परत सुरू होतायत, मग घ्या तिकडून. मी म्हटलं घेऊया ना, पंचायतीमार्फत अर्ज करूया इमारतीसाठी, आणि तो केलासुद्धा. पण गाडीच्या ड्रायव्हरला दर महिन्याला पगार लागतो. खाण चालली तर गाडी, खाण थांबली तर पोरं चालत, हे एकदा करून बघितलंय आपण.

बारवाल्याकडे जायला आमच्यातल्या दोघी लाजत होत्या. तो मात्र सगळ्यात पटकन तयार झाला. मी त्याला सांगितलं की गोव्यात १९९३ चा सार्वजनिक वाचनालयांचा कायदा आहे आणि त्यात वाचनालयांसाठी दारूवर सेस आहे, तर तो जोरात हसला, गिऱ्हाइकांना ओरडून सांगितलं, "आयकलें मरे? तुमी पियेतात तें शिक्षणाखातीर!" मग मला म्हणाला दोन हजार देतो, पण पलीकडचा बार दुसऱ्या पंचायतीत येतो त्याला पण लावा. आता ते माझ्या हातात आहे का.

आमच्या शेजारचा कॅथलिक म्हातारा, मुलं दोघं पोर्तुगालला, नातवंडं तिकडेच. मी त्याच्याकडे जरा संकोचूनच गेले, म्हटलं मराठी शाळा, याचा काय संबंध, शिवाय माध्यमाचा वाद गोव्यात कुठल्याही चहाच्या कपातून वर येतो. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं तेव्हा काय काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, घराघरात भांडणं लागली होती. पण हा शांतपणे म्हणाला, "हांव भरतां. पूण हिशोब जाय. वर्साक एक फावट न्हय, दर ग्रामसभेक." म्हणजे मी भरतो, पण हिशोब हवा, वर्षातून एकदा नव्हे, दर ग्रामसभेला. मी ते जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं, आणि पुढे तेच ठरावात गेलं.

फार्महाऊसवाल्यांचं प्रकरण जरा अवघड. तीनचार बंगले बाहेरच्यांचे, वर्षातून पंधरवडा येतात. सगळा गाव म्हणायला लागला त्यांनाच लावा, आपल्याला कशाला. ऐकायला गोड होतं. पण ग्रामसभेचा सभासद तोच ज्याचं नाव गावच्या मतदार यादीत आहे, म्हणजे ते लोक सभेत हात वर करू शकत नाहीत, आणि जे खोलीत नाहीत त्यांच्या खिशात हात घालायला सगळ्यांनाच आवडतं. मला हे पटलं नाही. त्यांना जास्त लावा, मोठं घर आहे तर लावाच, पण आपण शून्य आणि ते सगळं, असं केलं तर ती शाळा परत दुसऱ्याच्या मर्जीवर. यावरून आमच्या समितीतच दोन संध्याकाळी कडाक्याचं वाजलं. शेवटी मास्तरांनी तोडगा काढला, शंभर रुपये तरी प्रत्येक घराने, अपवाद फक्त ज्यांना खरंच जमत नाही त्यांना. त्यातल्या एका बंगलेवाल्याला मी फोन केला, तो म्हणाला, "मॅडम, रिसीट मिलेगी ना?" बस, एवढाच प्रश्न.

ग्रामसभा रविवारी होती. ज्यांनी गोव्यातली ग्रामसभा बघितली नाही त्यांनी एकदा जाऊन बसावं, नाटकाचं तिकीट वाचेल. पहिला तास मागच्या सभेच्या इतिवृत्तावरच. मी असं बोललोच नव्हतो, हे लिहिलंच नाही, ते कुणी घातलं. मग कचरा, मग बंद पडलेले पथदिवे, मग माकडं आणि गवे बागायती कशी खातात आणि पंचायत काय झोपलीय का. आमचा विषय आला तेव्हा निम्मे लोक उठायच्या तयारीत, बायकांना जेवणाची घाई. मी लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि फक्त आकडे वाचले. गाडीला महिन्याला किती, माणसाला किती, कौलांना किती, आणि घरटी वर्षाला शंभर म्हणजे महिन्याला साडेआठ रुपयेसुद्धा नाहीत.

पहिला उठला तो एक तरुण, चांगला शिकलेला, मुलगी इंग्रजी शाळेत. म्हणाला, माझी पोर त्या शाळेत जातच नाही, मी का भरू? टाळ्या पडल्या. प्रश्न चुकीचा नव्हता, आणि मी उत्तर द्यायला उठणार तेवढ्यात मास्तर उठले. सत्तरी ओलांडलेला माणूस, आवाज अजून वर्गातला. ते म्हणाले, मुक्तीच्या आधी या गावात सरकारी मराठी शाळा नव्हती. देवळाच्या अग्रशाळेत शाळा भरायची, मास्तर वेंगुर्ल्याकडून यायचे, आणि त्यांना घराघरातून तांदूळ आणि थोडे पैसे जायचे. ज्याच्या घरात पोर नाही तोही द्यायचा, कारण पत्र आलं की वाचायला शाळेतलंच पोर बोलवायचा. मग भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, गावागावात शाळा निघाल्या, पगार सरकार द्यायला लागलं, आणि आपण तांदूळ बंद केले. बरंच झालं. पण त्याबरोबर शाळेकडे बघायचंही बंद केलं. एवढं बोलून ते बसले. त्यांनी त्या तरुणाला एक शब्द लावला नाही. तो मुलगाही त्यांचाच विद्यार्थी, हे सगळ्या सभेला माहीत होतं.

त्यानंतर खरा प्रश्न आला, मागच्या बाकावरून, एका बाईकडून. "पयशे पंचायतीन गेले म्हणजे गेले, शाळेक पावतले कशे?" सरपंचांचा चेहरा पडला, आणि काही पंच मोबाईल बघायला लागले. मला मात्र तो प्रश्न देवाने पाठवल्यासारखा वाटला कारण त्याचंच उत्तर आम्ही तयार केलं होतं. तीन अटी. एक, शाळेचं हेड बजेटमध्ये वेगळं, त्यातला पैसा दुसरीकडे वळवायचा नाही. दोन, दर ग्रामसभेत जमा-खर्च वाचून दाखवायचा, शेजारच्या म्हाताऱ्याचं वाक्य. तीन, ही वाढ तीन वर्षांपुरती, नंतर परत ग्रामसभेपुढे आणायची, लोकांना नको असेल तर बंद. ही तिसरी मी आतेभावाकडून उचललेली, तिकडे बऱ्याच ठिकाणी असा कर ठराविक वर्षांचाच असतो आणि मुदत संपली की परत मतं मागावी लागतात. तिसऱ्या अटीने सभेचा रंग बदलला, हे मी डोळ्यांनी बघितलं. कायमचं नाही म्हटल्यावर लोकांचे खांदे सैल झाले.

यावर चर्चा लांबली, शंभर का पन्नास, हॉलवाल्याला दोन हजार कमी आहेत, दुसऱ्याच्या जमिनीत राहणाऱ्या मुंडकाराच्या घराला लावायचा का, ज्या घराला अजून घर नंबरच नाही त्याचं काय, हे शेवटचं तर गोव्यात कधीच न संपणारं. एकल बायका आणि निराधार म्हाताऱ्यांना सूट, ही दुरुस्ती त्या इंग्रजी शाळेवाल्या तरुणानेच सुचवली. मग हात वर. बहुमत झालं, पण मोठ्या फरकाने नव्हे, विरोधात चांगलेच हात होते, आणि त्यातले काही माझ्या भावकीतले. घरी जेवताना शांतता होती.

ठराव झाला म्हणजे काम झालं असं मला वाटत नव्हतंच, ते बरं. पंचायत मंडळाच्या बैठकीत तो घ्यावा लागतो, कागद वर गटविकास अधिकाऱ्यांकडे जातात, तिथून शंका येते, तिचं उत्तर द्यायचं, परत शंका. त्या काळाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, सगळ्या फायली सारख्याच दिसतात. एका ऑफिसात तर मला विचारलं की तुम्ही नक्की कर वाढवायलाच आलाय ना, कमी करायला नाही ना. सेक्रेटरीला मी मानते, त्याने ती फाईल मरू दिली नाही. शिक्षण खात्याकडूनही आधी विचारून घेतलं, कारण शाळा सरकारची, तिच्यासाठी गाडी पंचायतीने लावायची म्हणजे भागशिक्षणाधिकाऱ्यांना माहीत हवं. त्यांनी एवढंच सांगितलं की पैसा शाळेच्या खात्यात टाकू नका, पंचायतीनेच खर्च करा. ते आमच्याही सोयीचं होतं, हेडबाईंना आणखी एक रजिस्टर नको होतं.

पहिल्या वर्षी वसुली कशी होईल याची धाकधूक होती. घरपट्टीच्या पावतीवर शाळेची वाढ वेगळी छापायची ही आमची मागणी, सॉफ्टवेअरमध्ये बसत नाही म्हणून सेक्रेटरीने रबरी शिक्का करून घेतला. त्या शिक्क्याचा फार उपयोग झाला. लोक काउंटरवर भांडायला आले, शिक्का बघितला, आणि भांडण कुठेतरी अर्ध्यावर थांबलं. ज्यांनी विरोधात हात वर केला होता त्यांतल्या बऱ्याच जणांनी भरले. दोन मोठ्या गोदामवाल्यांनी मात्र अजून भरलेले नाहीत, नोटीस गेलीय.

गाडी सुरू झाली जूनमध्ये. कोटेशन मागवली, सगळ्यात कमी आलं ते गावातल्याच एकाचं, जो आधी खाणीचा ट्रक चालवायचा. संडास धुवायला एक बाई येते, रोज, हे ऐकून ज्यांना क्षुल्लक वाटतं त्यांनी आठ वर्षांच्या मुलीच्या आईला विचारावं. लांबच्या वाड्यांतली काही पोरं परत आली, सगळी नाही. इंग्रजी शाळेतून कुणी फारसं आलं नाही, येतील असं मी कुणाला सांगितलंही नव्हतं. पहिलीच्या वर्गात बाकं भरलेली दिसतात, यंदा पट तीसच्या वर गेला तर पुढच्या वर्षी अनुदानाचा टप्पा बदलून २५,००० होईल, हेडबाई जूनपासून बोटांवर मोजतायत.

आता नवीन भांडण. एका पंचाचं म्हणणं आहे की शाळेच्या हेडमध्ये शिल्लक आहे तर शाळेपुढे स्टेज बांधूया, जत्रेच्या नाटकालाही उपयोगी पडेल आणि त्यावर पंचायत मंडळाची नावं घालूया. शिल्लक आहे ती कौलांची आहे, पाऊस यायच्या आधी लागणार आहे, हे मी सांगितलं तर म्हणतो तुम्ही काय शाळेच्या मालक आहात का. म्हटलं मालक नाही, शंभर रुपये भरलेत, पावती दाखवू? त्याने स्टेजचा विषय लेखी दिलाय, पुढच्या ग्रामसभेच्या ॲजेंड्यावर आला आहे. जमा-खर्च वाचायचा विषय त्याच्या आधी ठेवा असा अर्ज मी काल देऊन आले, पोच घेतलीय. शेजारचा म्हातारा म्हणाला पहिल्या बाकावर बसतो.